वाजवायचा भोपळा

सूड घ्यायचा तर तो भाजीपाल्यातून घ्यावा, असं माझं मत आहे. हाणामारीला अंगात बळ लागतं, कोर्टकचेरीला उरलेलं आयुष्य लागतं, आणि भांडण म्हणाल तर आमच्या गल्लीत प्रेक्षक फार. भाजीचं तसं नाही. बी हातावर ठेवलं की आपण मोकळे. पुढचं सगळं समोरचाच करतो. पाणी तोच घालतो, शेणखत तोच घालतो, फळ धरलं की कौतुकही तोच करतो. मी असा सूड घेतलेला आहे. साठी उलटलेल्या बाईला हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण तेवढी वाटत नाही. माझी चूक एकच झाली. हा सूड कुणाच्या घशाखाली उतरणार, ते मी नीट पाहिलं नाही.

मी डहाणूत राहते. सगळी नोकरी रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे गेली. काचेच्या भोकातून लोक काय काय बोलतात ते रोज ऐकलं, की माणसाची जीभ आपोआप पाजळते. रिटायर झाले तेव्हा त्या जिभेला काम उरलं नाही आणि हातांनाही. म्हणून परसात भाजी लावायला घेतली. आमचे हे म्हणाले, "बाजारात मिळते की भाजी." मी म्हटलं, "बाजारात नवरेही मिळाले असते, तरी घरातला चालवून घेतेच ना?" ह्यांनी पेपर वर धरला. आमच्याकडे वाद असाच संपतो.

परस म्हणजे दोन खाटा टाकल्या की संपलं, एवढंच. म्हणून सगळं वर चढवायचं. मांडव मी माझ्या हातानं घातला. चार कोपऱ्यांना चार बांबू, कैनाडच्या एका म्हाताऱ्याकडून आणलेले. त्यांच्यावर आडवी टाकली ती आमची जुनी लोखंडी खाट, जिच्या पट्ट्या कधीच तुटून गेल्या होत्या. खाट जिथे पुरेना तिथे केबलवाल्यानं सोडून दिलेली काळी वायर ताणली. वेलाला वर चढायला कोळीवाड्यातून फाटकं जाळं मागून आणलं. ते चार पाण्यांत धुतलं तरी वास गेला नाही, पण वेलाला कुठे नाक असतं? आणि बांधायला माझ्या जुन्या साड्यांचे काठ फाडून चिंध्या केल्या, कारण सुतळीनं कोवळा वेल कापतो. उंची माझ्या मापाची. हात वर केला की फळाला लागला पाहिजे. ह्यांना त्याखालून वाकून जावं लागायचं, तेही मला बरंच वाटायचं.

त्यावर घोसाळी होती, पडवळ होतं. पण मांडवाचा खरा मालक दुधी. तो माझ्या माहेरचा, गंजाडचा. गोल पोट, आखूड मान, आणि सालीवर नखही लागेल इतका कोवळा. आई दर वर्षी बी राखायची आणि पुडीत बांधून द्यायची. आई गेल्यावर ते बी फक्त माझ्याकडे उरलं, कारण भावांनी शेतात चिकू लावले आणि वहिन्यांना दुधी आवडत नाही. बी राखायची आमची रीत साधी आहे. वेलावर एक चांगलं फळ बघायचं आणि त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की घरच्यांना कळतं, शेजाऱ्यांना कळतं, चोरालासुद्धा कळतं, की ह्याला हात लावायचा नाही. हे वेलावरच जून होणार, वाळणार, आणि पुढच्या वर्षाचं बी देणार.

आता शेजारीण. ती तलासरी तालुक्यातल्या एका शाळेतून हेडबाई म्हणून रिटायर झालेली. सगळी गल्ली तिला 'बाई' म्हणते. तोंडावर मीही तिला अहोजाहो करते. इथे करणार नाही. ही बाई रस्त्यानं जाताना दुसऱ्याच्या दारातली रांगोळी पायाच्या अंगठ्यानं नीट करते. कुणाचं बाळ रडलं तर का रडतंय ते आईला सांगते. तिचा नवरा, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो, मामलेदार कचेरीत होता. गरीब माणूस. हृदयाचं दुखणं झाल्यापासून तर अगदीच बायकोच्या ताब्यात गेलेला. आमच्या दोघींच्या परसांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. तेवढीच ती आहे, हे माझं दुर्दैव.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आम्ही नवराबायको मुलीकडे वापीला गेलो. आठ दिवस. जाताना मांडव नुसता लगडलेला होता. अकरा दुधी मोजून गेले होते आणि बारावा लाल चिंधीचा. आलो, मागचं दार उघडलं, आणि मला वाटलं मी भलत्याच घरात शिरले. मांडव नव्हता. खाली चिखलात वेलांची पानं सडत पडली होती. बांबू नाहीत, खाट नाही, वायर नाही. ते सगळं भिंतीपलीकडे बाईच्या परसात नीट रचून ठेवलेलं होतं, लांबीप्रमाणे, शाळेत मुलं उभी करतात तसं.

ती वाटच बघत होती. "आलात का ताई? अहो, केवढी धामण निघाली आमच्या बाथरूमात! तुमच्या मांडवावरूनच आली. मग मी माणूस बोलावून सगळं काढूनच टाकलं. म्हटलं, ताई येतील आणि अंधारात हात घालतील, काही चावलं बिवलं तर? तुमच्या भल्यासाठीच हो."

धामण! धामणीला विष नसतं हे इथलं शेंबडं पोर सांगेल. आणि ती आली असेल उंदरांच्या मागे, उंदीर होते हिच्या बाथरूमच्या माळ्यावर. पण रागानं माझी वाचाच बसली. खिडकीमागे इतकी वर्षं बसून जिची कधी बसली नाही, तिची बसली.

"आणि दुधी?" एवढंच विचारलं मी.

"ते मी वाटून टाकले सगळ्यांना. उगाच कुजले असते. सगळे किती खूश झाले! तुमच्यासाठी एक राखलाय बरं का." आणि तिनं आतून आणून माझ्याच मांडवावरचा एक दुधी माझ्या हातात ठेवला. वर म्हणाली, "घ्या, लाजू नका."

घेतला. काय करते? संध्याकाळी गल्लीतून फिरले तर जी ती म्हणे, बाईंनी काय सुंदर दुधी दिला हो! बाईंनी! आणि कोपऱ्यावरच्या घरातली म्हणाली, "मला मात्र जून निघाला. त्याला चिंधी बिंधी बांधलेली. बिया काढून फेकूनच दिल्या." कुठे फेकल्या, विचारलं. कचऱ्याच्या गाडीत. गाडी पाच दिवसांपूर्वीच येऊन गेलेली. म्हणजे आईचं बी संपलं. घरी येऊन मी रडले. रागानंही रडले आणि आईसाठीही रडले, दोन्ही एकदम आलं. हे म्हणाले, "जाऊ दे, तिला काय माहीत चिंधीचं?" इतकी वर्षं तलासरीच्या गावागावातून मास्तरकी केलेली बाई, हिला चिंधीचा अर्थ माहीत नाही? माहीत होता. शंभर टक्के माहीत होता. मी त्या दिवशी मनाशी म्हटलं, बाई, तुला मी सोडणार नाही.

पण सूड असा म्हटल्याबरोबर सापडत नाही. हिवाळा गेला, उन्हाळा आला. मी गंजाडला जाऊन भावांच्या जुन्या शेजाऱ्यांकडे विचारलं, कुणाकडे आमच्या दुधीचं बी आहे का. कुणाकडे नव्हतं. मग कैनाडला त्या बांबूवाल्या म्हाताऱ्याकडे गेले. तो शेती करतो आणि तारपा, म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, तेही बनवतो. त्याच्या ओसरीवर वाळलेले भोपळे टांगलेले होते. गोल पोट, आखूड मान. मी धावलेच.

"अहो, हा तर आमचाच दुधी!"

म्हातारा हसला. "हा खायचा नाय बाय. वाजवायचा." तारप्याला जो भोपळा लावतात तो हा. दिसायला दुधीचा सख्खा भाऊ, पण कडूजहर. "जीभ लावलीस तर दोन दिवस तोंड वाकडं करून बसशील," म्हणाला. मी इतक्या लांब आले म्हणून त्यानं एक छोटा भोपळा असाच दिला, शोभेला. मी तो आणून खिडकीत ठेवला. देवाशपथ सांगते, तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. हलवला की आत बिया खुळखुळायच्या, तेवढीच गंमत.

मनात आलं ते मे महिन्याच्या शेवटी. बाई भिंतीवर कोपर टेकून उभी राहिली. "ताई, तुमच्या त्या दुधीचं बी ठेवलं असेल ना तुम्ही? म्हटलं, यंदा आपणही लावावा. मांडवाचं सामान आहेच माझ्याकडे."

मांडवाचं सामान आहेच माझ्याकडे! माझी खाट, माझे बांबू, माझी वायर! आणि बी राहिलं नाही ते हिच्यामुळे, तरी मागायची लाज नाही. माझ्या डोक्याची शीर तडतडली. आणि तेवढ्यात मला मागे खिडकीतला भोपळा आठवला. मी इतकी गोड हसले की माझा मलाच संशय आला.

"आहे की बाई. थांबा हं, आणते."

आत जाऊन भोपळा विळीवर फोडला. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते काय असतं, ते त्या दिवशी हाताला कळलं. बिया चपट्या, करड्या, दुधीसारख्याच. मूठभर पुडीत बांधल्या, आई बांधायची तशीच, आणि भिंतीवरून दिल्या. "माहेरचं गावठी वाण आहे," मी सांगितलं. "हलवा काय होतो म्हणता याचा!"

हलवा मी उगाच नाही म्हटला. बाईकडे गौरी असतात आणि गौरीच्या जेवणाला अख्खी गल्ली असते. यंदा घरच्या दुधीचा हलवा करणार, हे ती आषाढापासूनच सांगत सुटली. आणि नैवेद्याचं काही चाखायचं नाही, हा तिच्या घरचा कडक नियम. म्हणजे माझं चित्र तयार होतं. पानं वाढली आहेत, सगळ्या बायका नटून बसल्या आहेत, आणि पहिल्या घासाला एकजात सगळ्यांची तोंडं वेडीवाकडी. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. भोपळ्याचंही तेच. मग ती जिच्या तिच्या तोंडाकडे बघणार, आणि मी हळूच म्हणणार, "अगंबाई, असा कसा निघाला? बाई, तुम्ही खत कुठलं घातलंत?" मला एवढंच हवं होतं. तिचं नाक सगळ्यांसमोर कापलं जायला हवं होतं. बाकी काही नको.

तिनं मांडव घातला, तो माझ्याच सामानाचा. खाट उलटी टाकली, पाय वर. वेल चढला. वेलाला खालीवर कळत नाही. रोज सकाळी ती पाणी घालताना मला ऐकू जाईल असं म्हणायची, "काय वाढ आहे, काय वाढ आहे!" मी म्हणायचे, "हात चांगला आहे हो तुमचा." पांढरी फुलं आली. मग फळं धरली. गोल पोट, आखूड मान. मी रात्री अंथरुणावर पडून गौरीचे दिवस मोजायचे. इतकी मजा मला माझ्या लग्नाच्या आधीसुद्धा आली नव्हती.

गणपतीला अजून आठवडा होता. सकाळी मी मागच्या नळावर भांडी घासत होते, तर बाईच्या स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज आला आणि पाठोपाठ ती भिंतीशी आली. हात ओले. "ताई, आज पहिला दुधी तोडला हो! म्हटलं, हलव्याला अजून वेळ आहे. ह्यांना आजपासून रस सुरू करते. हृदयाला फार चांगला म्हणे, रिकाम्या पोटी पेलाभर. मोबाइलवर आलं होतं."

मला हसूच फुटलं. म्हटलं, चला, ट्रेलर आजच. भाऊ एक घोट घेतील, थुंकतील, आणि बाईचा तोरा उतरेल. थोडं नुकसान झालं म्हणायचं, गल्ली बघायला नाही. मी हात पुसत घरात आले. ह्यांना इतके दिवस काही सांगितलं नव्हतं, पण आता राहवेना. पहिल्यापासून सगळं सांगितलं, तारपा, बी, हलवा, रस, हसत हसत.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. हे मी आमच्या संसारात फार कमी वेळा पाहिलंय.

"कडू दुधीचा रस?" हे म्हणाले. "अगं, आपल्या स्टेशनच्या पार्सल ऑफिसातला तो उंच क्लार्क, त्याला कशानं आयसीयूत ठेवला होता? दुधीच कडू निघाला होता. अर्ध्या तासात रक्ताच्या उलट्या. ते विष असतं. आणि भाऊंचं हृदय!"

"पण कडू लागल्यावर थुंकतील ना ते," मी म्हटलं. म्हणता म्हणता मी मागच्या दाराकडे निघाले. कारण भाऊ कोण, हे मला माहीत होतं. भाऊ बायकोनं दिलेलं थुंकणारा माणूस नव्हता.

मी भिंतीवरून गेले. ह्या वयात, साडी वर खोचून. गुडघा फुटला ते नंतर दिसलं. बाईच्या स्वयंपाकघरात भाऊ टेबलाशी बसले होते. हातात हिरव्या रसाचा पेला. एक घोट घेतलेला दिसत होता, कारण तोंड कसंनुसं झालं होतं.

"फार कडू आहे गं," ते म्हणत होते.

"औषध कधी गोड असतं का?" ती म्हणाली. "कडू आहे म्हणजे जास्त गुणकारी. डोळे मिटा आणि घ्या."

हे आमच्याकडचं खूळच आहे. कडू म्हटलं की औषध. कडुनिंब, काडेचिराईत, कारल्याचा रस. तोंड जेवढं वाकडं होईल तेवढा गुण जास्त, असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं. मी इतका हिशोब केला, त्यात हे कसं धरलं नाही? मी भाऊंच्या हातातला पेला धरला. ते सोडेनात, रस माझ्या हातावर सांडला.

"पिऊ नका भाऊ! थुंका, चूळ भरा! हा दुधी नाही, तारप्याचा भोपळा आहे. विष असतं ह्यात. मी... मी मुद्दाम दिलं बी."

भाऊ उठले आणि बेसिनशी जाऊन चूळ भरू लागले. देवाची कृपा, घोट लहानसाच होता. बाई मात्र जागची हलली नाही. माझ्याकडे बघत राहिली. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलीकडे बघावं तसं.

"मुद्दाम दिलंत?"

"हो. तुम्ही माझा मांडव पाडलात. आईचं बी वाटून टाकलंत. माझ्या डोक्यात राग होता. पण हे असं व्हावं असं नव्हतं हो माझ्या मनात. बाई, फेकून द्या तो रस."

"कळलं मला," ती म्हणाली. आवाज अगदी शांत. "तुम्हाला माझा वेल बघवत नाही, ताई. पहिल्या दिवसापासून बघवत नाही. रोज भिंतीवरून बघता ते मला दिसत नाही का? आता फळ धरलं तर म्हणे विष! गौरीच्या तोंडावर!"

"अहो, खरं सांगते..."

"आणा तो पेला."

मला वाटलं ओतून देणार. मी दिला. तिनं माझ्या डोळ्यांत डोळे घालून तो तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायली. मी "बाई! बाई!" करत राहिले. तिचा घसा आवळत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, मान आपोआप मागे जात होती, तरी ती थांबली नाही. मला खोटं पाडायचं म्हणून तिनं ते जहर शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. रिकामा पेला टेबलावर ठेवला आणि पदरानं ओठ पुसले.

"बघा," ती म्हणाली. "काही होत नाही."

वीस मिनिटांत झालं. आधी पोट धरून बसली, मग उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या उलटीत लाल रेघ दिसली. ह्यांनी रिक्षा आणली. भाऊंना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं, आणि मागे बाईचं डोकं माझ्या मांडीवर. सरकारी दवाखाना काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपेना. तिचे हात बर्फ. तिचा मला किती राग होता, तो शोधूनही सापडेना. डोक्यात एकच होतं. ही मेली तर मी खुनी. शेजारणीचा मांडव पाडला म्हणून कुणी फासावर जात नाही, पण मी जाईन. आणि जायलाच हवं. मी तिच्या कानाशी म्हणत होते, "बाई, मरू नका हो, पाया पडते." ती डोळे मिटून होती. ऐकत होती की नाही कोण जाणे.

बीपी खूप उतरलं होतं. सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. डॉक्टर तरुण मुलगी होती, चिडली होती. "कडू दुधीचा रस कुणी पितं का? एवढं कडू लागलं तर थुंकायचं नाही?"

डॉक्टरनं केसपेपर पुढे ओढला.

"बी कुठून आणलं होतं? कुणी दिलं?"

मी खाटेच्या पायाशी उभी होते. भाऊ भिंतीकडे बघत होते. मी तोंड उघडणारच होते. मनाची तयारी झाली होती, सांगून टाकायचं, होईल ते होईल. तेवढ्यात बाईनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. चांगलं निवांत पाहिलं.

"घरचंच होतं," ती म्हणाली. "माझ्याकडून चूक झाली."

मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि ढसाढसा रडले. हे म्हणाले, "बघ, किती मोठं मन आहे तिचं." मलाही तसंच वाटलं. खरंच वाटलं. आपण किती हलकट आणि ती किती थोर, असं वाटून मी तीन दिवस तिच्यासाठी मऊ भात आणि ताक घेऊन दवाखान्यात जात राहिले. ती खायची.

त्या वर्षी तिच्याकडे गौरी आल्या आणि गेल्या, जेवण झालं नाही. वेल तिनं स्वतः मुळापासून उपटला. मांडव मात्र ठेवला. गल्लीला तिनं एवढंच सांगितलं की दुधी कडू निघाला. बी कुणी दिलं, हे आजपर्यंत तिच्या तोंडून निघालेलं नाही. मी दोनदा तिची माफी मागायला गेले. दोन्ही वेळा ती म्हणाली, "कशाबद्दल, ताई?"

मग तिनं बाजारातलं पाकिटाचं बी आणून त्याच मांडवावर पुन्हा दुधी लावला. दिवाळीनंतर फळं आली. एके दिवशी दुपारी माझं मागचं दार वाजलं. बाई उभी. हातात झाकलेली वाटी.

"दुधीची भाजी केलीय. म्हटलं, ताईंना द्यावी."

मला इतकं भरून आलं. मी वाटी घेऊन आत वळले, तर ती म्हणाली, "आत नका नेऊ. इथेच खा ना. गरम आहे."

मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती. चमचा तिनं बरोबरच आणला होता. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दवाखान्यातल्या त्या खाटेवरून तिनं मला वाचवलेलं नव्हतं, राखून ठेवलेलं होतं. नाही म्हणायला मला तोंड होतं का? मी उंबऱ्यात उभी राहून पहिला घास घेतला. तो जिभेवर पडेपर्यंतचा वेळ कसा गेला, ते माझं मला ठाऊक. भाजी छान होती. चणाडाळ घातलेली, वर ओलं खोबरं. मी सगळी संपवली, तिनं वाटी घेतली आणि गेली.

तेव्हापासून हे चालू आहे. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. कधी भाजी, कधी थालीपीठ, कधी हलवा. वार ठरलेला नाही. मी बाहेर गेलेली असले तर मी येईपर्यंत ती थांबते. गल्लीतल्या बायका म्हणतात, बाईंचा तुमच्यावर किती जीव आहे हो! मी मान डोलावते. हे म्हणतात, "एकदा सरळ नको म्हणून सांग." मी म्हणते, "तुम्ही खाऊन बघता का आधी?" हे पेपर वर धरतात.

काल हलवा होता. वेलची घातलेला, बदामाचे काप लावलेला. मी उंबऱ्यात उभी राहिले, चमचा घेतला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. इतक्या दिवसांत तिनं कधी काही विचारलं नव्हतं. काल विचारलं.

"कडू नाही ना, ताई?"

"नाही," मी म्हटलं.

"मग थांबलात का? खा."

मी खाल्लं.